चमकला म्हणजे खोटा? एका पॅरा बॅजची आणि माझ्या घाईची चिकित्सा

या ब्लॉगवर मी सहसा रसायनशास्त्रातलं काहीतरी सोपं करून सांगते. आज विषय वेगळा आहे, पण मुद्दा संशोधनाचाच आहे. आणि सुरुवात माझ्याच चुकीपासून आहे.

नौपाड्यात आमच्या शेजारी एक काकू राहतात. त्यांचे सासरे मराठा लाइट इन्फन्ट्रीत होते. मागच्या महिन्यात काकूंनी बिस्किटांच्या जुन्या डब्यातून एक कापडी बॅज काढला. मरून रंगाच्या कापडावर फिकट निळ्या धाग्याने भरलेला पंखांचा घोडा, त्यावर भालाधारी स्वार, खाली ‘इंडिया’ अशी इंग्रजी अक्षरं. "दुसऱ्या महायुद्धातला आहे गं. तू सायन्सची ना, बघ बरं खरा आहे का."

मी नोटा तपासायची यूव्ही टॉर्च आणली, दिवा बंद केला. बॅजच्या मागचं अस्तर निळसर पांढरं लखलखलं. मी म्हटलं, "काकू, हा नंतर बनवलेला आहे." काकू काही बोलल्या नाहीत. बॅज डब्यात गेला, डबा कपाटात.

दोन दिवसांनी माझ्या लक्षात आलं की मी तपासणी केलीच नव्हती. ऐकीव नियम लावून निकाल दिला होता.

आधी बॅजबद्दल. पंखांच्या घोड्यावर, म्हणजे पेगाससवर, बसलेला बेलेरोफोन हे ब्रिटिश एअरबोर्न सैन्याचं युद्धकाळातलं चिन्ह. डिझाइन चित्रकार एडवर्ड सीगो यांचं. भारतात ४४ इंडियन एअरबोर्न डिव्हिजनने तेच चिन्ह खाली ‘इंडिया’ घालून वापरलं. आज संग्राहकांमध्ये अशा कापडी चिन्हांना चांगली किंमत येते. म्हणून नकलाही भरपूर निघतात, आणि म्हणून ‘अस्सल कसा ओळखावा’ याचे नियमही. त्यातले तीन नियम सगळीकडे दिसतात. तिघांमागे तर्क आहे, आणि तिघेही अर्धवट वापरले जातात.

पहिला, यूव्हीचा. पांढरं कापड आणखी पांढरं दिसावं म्हणून त्यात ऑप्टिकल ब्राइटनर घालतात. ही रसायनं अतिनील प्रकाश शोषून निळसर प्रकाश बाहेर टाकतात. मूळ कल्पना १९२९ ची, पाउल क्राइस या जर्मन रसायनशास्त्रज्ञाची. पण कापडात आणि कपड्यांच्या पावडरीत त्यांचा सर्रास वापर युद्धानंतर सुरू झाला. म्हणून नियम असा की चमकला तर नंतरचा, नाही चमकला तर युद्धकाळातला.

गोची कुठे आहे? ब्राइटनर कापड विणतानाच यावा लागतो असं नाही, तो धुण्यातूनही येतो. १९४४ चा बॅज नंतर कधी पावडरीत भिजला, तर तोही चमकणार. उलट, नकला करणारा जुनं सुती कापड आणि ब्राइटनर नसलेला धागा वापरू शकतो. तो बॅज काळाच राहणार.

आकडे घालून बघू. आकडे मनाने घेतलेत, फक्त हिशेब कळावा म्हणून. समजा बाजारात १०० बॅज आहेत, २० खरे आणि ८० नकली. खऱ्यांपैकी ५ कधीतरी धुतलेले, म्हणून चमकतात. नकलीतले ५० चमकतात, ३० चमकत नाहीत. आता न चमकणारे एकूण ४५, त्यात खरे १५. म्हणजे ‘चमकला नाही’ या ‘पास’ झालेल्या बॅजपैकी तीनातला एकच खरा. चमकणाऱ्या ५५ मध्येही ५ खरे आहेतच. चमकणं हा खोटेपणाच्या बाजूने बऱ्यापैकी पुरावा आहे, न चमकणं हा खरेपणाच्या बाजूने कमकुवत पुरावा आहे. नियम मात्र दोन्हींना सारखंच वजन देतो.

दुसरा नियम जाळून बघायचा. बॅजमधून धागा ओढून पेटवायचा. सुती जळताना कागदासारखा वास येतो, लोकरीला केस जळल्यासारखा, कृत्रिम धागा वितळून गोळी होते. यातलं रसायनशास्त्र बरोबर आहे. पॉलिएस्टरचं ब्रिटिश पेटंट १९४१ चं आणि बाजारातलं उत्पादन १९५० च्या दशकातलं. त्यामुळे भरतकामातच पॉलिएस्टर सापडलं तर युद्धकाळाचा दावा जवळपास संपतो. जवळपास म्हटलं, कारण उसवलेली कड कोणी नंतर शिवलेली असू शकते. धागा कुठून घेतला हे लिहून ठेवलं नसेल तर त्या गोळीला अर्थ नाही. शिवाय इथे नमुनाच जळतो. एकुलत्या एक वस्तूवर हा प्रयोग करण्याआधी हात थरथरला पाहिजे.

तिसरा नियम तुलनेचा, आणि माझी खरी तक्रार इथे आहे. इंग्लंडमध्ये बनलेल्या बॅजचे ठरलेले प्रकार आहेत: लोकरी कापडावर भरलेले, सुती कापडावर छापलेले. टाके, रंग, आकार यांची तुलना करता येते. पण भारतात बनवून घेतलेले बॅज हातोहात वेगळे असतात. एका शिंप्याचा घोडा दुसऱ्याच्या घोड्यासारखा नसतो. मग दोन टोकं दिसतात. एक म्हणतो, इंग्लंडच्या नमुन्याशी जुळत नाही, खोटा. दुसरा म्हणतो, जुळत नाही कारण ‘स्थानिक बनावट’ आहे, खरा. हे दुसरं उत्तर जास्त धोक्याचं. टाके वाकडे? स्थानिक. रंग वेगळा? स्थानिक. कुठलाही दोष ज्याने धुऊन निघतो ते स्पष्टीकरण कधीच खोटं ठरू शकत नाही, म्हणून ते काही सांगतही नाही. थिसिसमध्ये ‘प्रायोगिक त्रुटी’ हा शब्द आपण कधी कधी असाच वापरतो, मान्य करा.

या तिन्ही नियमांत एक गोष्ट कोणी विचारतच नाही: हा बॅज या घरात येण्याची शक्यता मुळात किती होती? त्यासाठी टॉर्च नको, पलटणीचा इतिहास हवा.

मार्च १९४४ मध्ये मणिपूरमधल्या सांगशाकला ५० इंडियन पॅराशूट ब्रिगेड जपान्यांशी लढली. तिच्या हुकमाखाली ४/५ मराठा लाइट इन्फन्ट्रीही लढली. पण ती साधी पायदळ पलटण होती, पॅराशूटची नव्हे. १५२ इंडियन पॅराशूट बटालियनमध्ये निरनिराळ्या रेजिमेंटमधले स्वयंसेवक होते, त्यामुळे एखादा मराठा जवान तिथे असणं शक्य आहे. पण मराठ्यांची अख्खी पलटण पॅरा झाली ती १९४६ मध्ये: ३ मराठा. तीच १९५२ मध्ये २ पॅरा झाली. म्हणजे मराठा सैनिकाच्या घरात पॅराचं कापडी चिन्ह सापडलं, तर ते १९४६ नंतरचं असण्याची शक्यता सुरुवातीलाच जास्त धरायला हवी.

इतिहास आणखी एक काम करतो. समजा एखाद्या बॅजखाली चिठ्ठी आहे, ‘४४ एअरबोर्न डिव्हिजन, सांगशाक, मार्च १९४४’. ही डिव्हिजन उभी राहिली एप्रिल १९४४ मध्ये. चिठ्ठी स्वतःच्याच विरोधात साक्ष देते. यावरून बॅज खोटा ठरत नाही, चिठ्ठी नंतर लिहिलेली ठरते. वस्तू आणि तिची गोष्ट यांची तपासणी वेगवेगळी करायची असते.

मी परत काकूंकडे गेले आणि पहिल्या दिवशी विचारायला हवे होते ते दोन प्रश्न विचारले. बॅज कधी धुतला होता का? "अगं, दर दिवाळीला. पावडरीत भिजवून." त्याच डब्यात सासऱ्यांचा एक सुती रुमालही होता. टॉर्च मारली, तोही तसाच लखलखला. हा माझा कंट्रोल. तो हातभर अंतरावर होता आणि मी बघितला नव्हता. दुसरा प्रश्न: ते कुठल्या पलटणीत होते? "तिसरी. पॅराशूटवाली. काश्मीरला होते ते."

काश्मीर म्हणजे बहुधा १९४७-४८. ३ पॅरा मराठा झांगरच्या लढाईत होती. मार्च १९४८ मध्ये ५० पॅराशूट ब्रिगेडचे ब्रिगेडियर उस्मान यांच्या नेतृत्वाखाली झांगर परत घेतलं गेलं, आणि जुलैमध्ये उस्मान तिथेच शहीद झाले. बाजाराच्या भाषेत काकूंचा बॅज बहुधा ‘युद्धोत्तर’, म्हणजे किंमत कमी. पण ‘खरा की खोटा’ हा प्रश्नच अपुरा होता. खरा, पण कशाचा? महायुद्धाचा बहुधा नाही. सासऱ्यांचा असू शकतो, आणि माझ्या टॉर्चने त्याच्या विरोधात काहीच सिद्ध केलं नव्हतं.

मी एका कागदावर लिहून दिलं: काय दिसलं, कुठली टॉर्च, काय धुतलेलं होतं, घरच्यांनी काय सांगितलं आणि कोणी सांगितलं. काळ: १९४६ नंतरचा असण्याची शक्यता जास्त. खात्री: मध्यम. पुढचं काम: सेवापुस्तक शोधणे, भरतकामाचा धागा भिंगाखाली पाहणे. धागा जाळायचा नाही.

काकूंनी कागद वाचला, घडी घातली आणि बॅजसोबत डब्यात ठेवला. या वेळी डबा कपाटात गेला नाही, टीव्हीच्या बाजूला आहे. आणि दिवाळीला बॅज धुवायचा नाही, एवढं मात्र मी त्यांच्याकडून कबूल करून घेतलंय.