नित्य नरक आणि नीलकंठशास्त्री गोऱ्हे

भोगाने कर्माचा क्षय होतो, ही कर्मसिद्धान्ताची मूळ धारणा होय. त्यामुळे पुराणांतील नरक कितीही भयंकर असला तरी तो मुदतीचा असतो. मध्वाचार्यांनी काही जीवांस नित्य अंधतमस सांगितले, तो अपवाद. ख्रिस्ती परंपरेत मात्र जन्म एकच, अंतिम निवाडाही एकच आणि प्रचलित मतानुसार त्यानंतरचा नरक अनंत. या दोन मतांचा संघर्ष एकाच विद्वानाच्या लेखनात पाहावयाचा असल्यास नीलकंठशास्त्री गोऱ्हे (१८२५–१८९५) यांच्याकडे वळावे लागते.

काशीत वाढलेल्या या चित्पावन पंडिताने जॉन म्यूर यांच्या 'मतपरीक्षा' या संस्कृत ग्रंथाच्या खंडनार्थ १८४४-४५ च्या सुमारास 'शास्त्रतत्त्वविनिर्णय' हा ग्रंथ संस्कृतातच रचला. त्यातील आक्षेपांचा रोख ईश्वराच्या न्यायावर आहे. जीवास पूर्वकर्मच नसेल, तर जन्मतः वाट्यास येणाऱ्या दुःखाची उपपत्ती कोणती? परिमित पापास अपरिमित दंड कसा? पुढे १८४८ मध्ये जौनपूर येथे गोऱ्ह्यांनी बाप्तिस्मा घेतला; आणि १८६८ मध्ये त्याच नित्यदंडाच्या समर्थनार्थ इंग्रजी पुस्तिका लिहिली.

या स्थित्यंतरास केवळ पक्षबदल म्हणणे उथळपणाचे ठरेल. पूर्वीचा आक्षेप दंडास भोगाचे माप लावतो. अॅन्सेल्मपासूनची ख्रिस्ती विचारसरणी अपराध्याच्या मर्यादेवरून नव्हे, तर ज्याचा अपराध घडला त्या ईश्वराच्या थोरवीवरून पापाची गुरुता ठरविते. मापच बदलल्यावर पहिल्या आक्षेपाची धार बोथट होते. शिवाय अनादी कर्माची कल्पनाही दुःखाचा आरंभ सांगत नाही. ती प्रश्न मागे मागे ढकलते.

तथापि एक अडचण उरतेच. तारणाच्या बाबतीत ख्रिस्ती मत पात्रतेचा हिशेब ठेवीत नाही. तेथे सर्व भार कृपेवर आहे. मग दंडाच्या बाबतीत तो हिशेब अनंतकाळ चालू का राहावा? ऑरिजेनने सर्व जीवांच्या अंतिम पुनःस्थापनेची कल्पना मांडली ती याच विसंगतीच्या जाणिवेजवळ पोहोचते. चर्चने मात्र ती स्वीकारली नाही.

तरुण पंडिताचा प्रश्न धर्मांतराने निकालात निघाला नाही, हे वीस वर्षांनंतरच्या पुस्तिकेवरूनच दिसते. ज्या शंकेचे निरसन सहज झाले असते, तिच्यासाठी स्वतंत्र लेखनाची गरज पडली नसती. म्हणून गोऱ्ह्यांचे पूर्वपक्ष आणि उत्तरपक्ष एकत्र वाचणेच न्याय्य होय.