दोन रुपये अधिक एक आणा

दिवाळीत त्र्यंबकला घरी गेले होते. शेजारची नववीतली मुलगी वही घेऊन आली. वहीत लिहिलं होतं: २^१ + २^(−४) = २^(−३). (^ च्या पुढचा आकडा म्हणजे वर लिहायचा घातांक.)

"ताई, पाया सारखाच आहे, मग घातांक मिळवायचे ना?"

तुम्हीही कधीतरी असंच केलं असेल. माझ्या मते चूक तिची कमी, आपल्या शिकवण्याची जास्त. 'पाया समान, घातांकांची बेरीज' हा नियम गुणाकाराचा आहे. पण पाठ करताना 'गुणाकार' हा शब्द गळतो आणि 'बेरीज' तेवढी डोक्यात राहते.

मग आम्ही उत्तर तपासलं. २^(−४) म्हणजे ऋण संख्या नव्हे, १/१६. रुपयाचा सोळावा भाग म्हणजे आणा. १ एप्रिल १९५७ ला दशमान नाणी आली, तोवर आपला व्यवहार याच हिशोबाने चालायचा. म्हणजे गणित झालं दोन रुपये अधिक एक आणा. आणि वहीतलं उत्तर? १/८ रुपया, म्हणजे दोन आणे! दोन रुपयांत आणा टाकला आणि दोन रुपयेच गायब. शेजारी बसलेले तिचे ऐंशीच्या घरातले आजोबा हसले, "अगं, तेहतीस आणे."

आजोबांनी केलं ते समच्छेदच. दोन रुपयांची मोड केली, ३२ आणे. म्हणून ३२/१६ + १/१६ = ३३/१६. छेद समान करणं म्हणजे दोन्ही रकमा एकाच नाण्यात मोजणं. पाया वेगळा असला तरी हेच: २^(−२) + ३^(−१) = ३/१२ + ४/१२ = ७/१२.

शाळेत अपूर्णांकांचा धडा वेगळा, घातांकांचा वेगळा. दोघांची गाठ फारशी पडत नाही. त्याची किंमत पुढे मोजावी लागते. पीएचडीच्या पहिल्या वर्षी मी स्वतः ३×१०^(−६) ग्रॅम आणि ५×१०^(−९) ग्रॅम यांची बेरीज ८×१०^(−६) लिहिली होती. मायक्रो आणि नॅनो सरळ एकत्र! सगळं नॅनोत आणलं की ३०००×१०^(−९) + ५×१०^(−९) = ३००५×१०^(−९). माझं उत्तर अडीच पटींहून मोठं होतं.

तुम्ही शिकवत असाल तर नियम सांगण्याआधी एवढंच विचारून बघा: उत्तर दोनापेक्षा मोठं यायला हवं की लहान?