मूळ चित्रपट आणि उत्तरभाग : ‘स्पायडर-मॅन’ (२००२) व ‘स्पायडर-मॅन २’ (२००४) यांचा तौलनिक विचार

प्रस्तावना

लोकप्रिय चित्रपटाचा उत्तरभाग हा समीक्षेने नेहमीच संशयाने पाहिलेला प्रकार आहे. मूळ कृती यशस्वी झाली म्हणून उत्तरभाग जन्माला येतो; त्यामागे कलात्मक निकडीपेक्षा व्यावसायिक गणित अधिक असते, असा सर्वसाधारण समज आहे. महानायकपटांच्या बाबतीत तर हा समज अधिकच दृढ आहे. खलनायक अधिक बलवान, विध्वंस अधिक व्यापक आणि तांत्रिक चमत्कार अधिक दिपवणारे, एवढीच उत्तरभागाची व्याख्या मानली जाते. या समजाला पुष्कळ चित्रपटांचा आधार आहे, हे नाकारता येत नाही. तथापि काही उत्तरभाग मूळ कृतीची केवळ पुनरावृत्ती न करता तिची फेरतपासणी करतात. सॅम रायमी दिग्दर्शित ‘स्पायडर-मॅन २’ हा अशा मोजक्या चित्रपटांपैकी एक होय. प्रस्तुत लेखात या चित्रपटाची त्याच्या मूळ चित्रपटाशी तुलना करून उत्तरभागाच्या मूल्यमापनाचा निकष कोणता असावा, याचा शोध घेतला आहे.

पार्श्वभूमी

स्पायडर-मॅन ही व्यक्तिरेखा स्टॅन ली आणि स्टीव्ह डिट्को यांनी १९६२ मध्ये अमेरिकन कॉमिक्समध्ये निर्माण केली. तोपर्यंतच्या महानायकांच्या तुलनेत पीटर पार्कर वेगळा होता. तो शाळकरी, बुजरा, चष्मा लावणारा आणि पैशाची चणचण असलेल्या घरातला मुलगा होता. डेव्हिड केप यांच्या पटकथेवर आधारित पहिला चित्रपट मे २००२ मध्ये अमेरिकेत प्रदर्शित झाला, तर आल्विन सार्जंट यांच्या पटकथेवरील दुसरा जून २००४ मध्ये. दिग्दर्शक, टोबी मॅग्वायर, कर्स्टन डन्स्ट, जेम्स फ्रँको व रोझमेरी हॅरिस हे प्रमुख कलावंत आणि संगीतकार डॅनी एल्फमन दोन्हींत समान आहेत. त्यामुळे दोहोंतील फरक निर्मात्यांच्या बदलामुळे नव्हे, तर दृष्टीच्या बदलामुळे पडला आहे, असे म्हणता येते.

अमेरिकेतील तिकीटविक्रीत पहिल्या चित्रपटाने सुमारे ४० कोटी डॉलर, तर दुसऱ्याने सुमारे ३७ कोटी डॉलर मिळवले. म्हणजे निव्वळ व्यावसायिक निकष लावला तर उत्तरभाग किंचित उणा ठरतो. दुसऱ्या चित्रपटास दृश्य-परिणामांसाठी ऑस्कर पुरस्कार लाभला. परंतु तंत्राची प्रगती ही दोन वर्षांच्या अंतराची स्वाभाविक देणगी असू शकते. श्रेष्ठतेचा प्रश्न म्हणूनच अन्यत्र शोधावा लागतो.

उपदेशाकडून निवडीकडे

मूळ चित्रपटाचे नैतिक केंद्र एका वाक्यात सामावलेले आहे. मोठ्या सामर्थ्याबरोबर मोठी जबाबदारीही येते, असे बेनकाका मोटारीत बसून पीटरला सांगतात. पीटर त्यांना तोडून बोलतो. पुढे कुस्तीच्या आखाड्यात ठरलेले पैसे न मिळाल्याच्या रागात तो एका चोराला समोरून पळून जाऊ देतो आणि तोच चोर बेनकाकांच्या मृत्यूला कारण ठरतो. येथे नीतीचा धडा शिक्षेच्या रूपाने येतो. चूक घडते, तिचे फळ तात्काळ मिळते आणि पश्चात्तापातून नायक घडतो. ही रचना बोधकथेची आहे. तिच्यात नेमकेपणा आहे, परंतु नायकाला निवडीचे स्वातंत्र्य फारसे नाही. अपराधाच्या ओझ्याने तो कर्तव्याकडे ढकलला जातो.

उत्तरभाग नेमका येथून प्रश्न विचारू लागतो. अपराधभावनेतून स्वीकारलेले कर्तव्य माणूस किती काळ पाळू शकेल? पहिल्या चित्रपटात जबाबदारी टाळल्याची किंमत दाखवली आहे. दुसऱ्यात जबाबदारी पाळल्याची. ही दुसरी किंमत एका मृत्यूसारखी नाट्यमय नाही. ती रोजच्या हप्त्यांनी द्यावी लागते. पिझ्झा वेळेवर न पोहोचल्याने पीटरची नोकरी जाते. खोलीचे भाडे थकते. महाविद्यालयात तो मागे पडतो. मेकाकूंचे घर कर्जापायी हातचे जाऊ लागते, आणि तशाही स्थितीत त्या वाढदिवसाचे म्हणून पैसे त्याच्या हातात कोंबतात तेव्हा ते घेताना त्याला होणारा संकोच कोणत्याही मारामारीपेक्षा परिणामकारक ठरतो. त्याला कामावरून काढणाऱ्या पिझ्झाच्या दुकानदाराची छोटी भूमिका मुंबईत जन्मलेल्या आसिफ मांडवी यांनी केली आहे. हा दुकानदार दुष्ट नाही. त्याच्याही धंद्याचा प्रश्न आहे. पीटरवर येणारी संकटे कोणा खलनायकाने आणलेली नसून साध्या व्यवहारातून उद्भवलेली आहेत, हे या चित्रपटाचे मोठे बलस्थान आहे.

समांतर प्रसंगांची योजना

दोन्ही चित्रपट लागोपाठ पाहिले असता उत्तरभागातील अनेक प्रसंग मूळ प्रसंगांना जाणीवपूर्वक उत्तर देतात, असे दिसून येते.

पहिल्या चित्रपटाच्या अखेरीस ग्रीन गॉब्लिन क्वीन्सबरो पुलावर नायकापुढे पर्याय ठेवतो : मेरी जेन किंवा लोंबकळत्या केबल-डब्यातील मुले. नायक दोघांनाही वाचवतो. प्रसंग थरारक असला तरी तेथे खरी निवड टळलेली आहे, कारण काहीच गमवावे लागत नाही. उत्तरभागात अशी सुटका नाही. चोरांचा पाठलाग केला तर मेरी जेनच्या नाटकाला पोहोचता येत नाही. दोन्ही साधत नाहीत.

ते नाटक ऑस्कर वाइल्ड यांचे ‘द इम्पॉर्टन्स ऑफ बीइंग अर्नेस्ट’ (१८९५) आहे, ही गोष्टही अर्थपूर्ण आहे. खोट्या नावांआड दुहेरी आयुष्य जगणाऱ्या तरुणांवरील हे प्रहसन रंगमंचावर चालू असताना दुहेरी आयुष्यानेच गांजलेला नायक दाराबाहेर उभा राहतो. त्याला आत न सोडणारा कर्मचारी ब्रूस कँबेल या नटाने रंगवला आहे. पहिल्या चित्रपटात कुस्तीच्या आखाड्याचा निवेदक होऊन नायकाला ‘स्पायडर-मॅन’ हे नाव देणाराही हाच नट होता. एकदा ज्याने नाव दिले, तोच पुढे दार अडवतो. योगायोगाने का होईना, दोन्ही चित्रपटांचा संबंध यातून सूचित होतो.

जळत्या इमारतीचा प्रसंगही दोन्हीकडे आहे. पहिल्यात पूर्ण सामर्थ्यानिशी नायक बाळाला वाचवतो. दुसऱ्यात सामर्थ्य गमावलेला पीटर साध्या कपड्यांत आगीत शिरतो आणि एका मुलीला बाहेर काढतो. त्याच वेळी वरच्या मजल्यावर कोणी अडकून मरण पावल्याचे त्याला कळते. शक्ती नसताना केलेले हे धाडस नैतिक दृष्ट्या अधिक मोलाचे आहे. परंतु ते अपुरे पडले, हे सांगायलाही चित्रपट कचरत नाही. त्याआधी गल्लीत मार खाणाऱ्या माणसाकडे पाठ फिरवून पीटर निघून जातो. त्या क्षणी पहिल्या चित्रपटातील चोराचा प्रसंग प्रेक्षकाला आठवल्यावाचून राहत नाही.

देह आणि मन

मूळ कॉमिक्समध्ये कोळ्याचा धागा सोडणारे यंत्र पीटर स्वतः बनवतो. पहिल्या चित्रपटाने हा तपशील बदलून धागा त्याच्या मनगटातूनच येतो, असे दाखवले. त्या वेळी हा बदल तारुण्यातील शारीरिक स्थित्यंतराचे रूपक म्हणून वापरला गेला. उत्तरभागात मात्र या बदलाला नवा अर्थ प्राप्त होतो. यंत्र बिघडले असते तर ते दुरुस्त करता आले असते. येथे देहच नकार देतो. ऑटो ऑक्टेव्हियस पीटरला आरंभीच सांगतो की प्रेमासारखी गोष्ट आत कोंडून ठेवली तर माणूस आजारी पडतो. हे विधान पुढे शब्दशः खरे ठरते. १९६७ मधील कॉमिक्सच्या ५० व्या अंकातून पोशाख कचऱ्यात टाकण्याचे गाजलेले चित्र येथे घेतले आहे. पण कॉमिक्सबाहेरची अशी मनोदैहिक बैठक त्याला चित्रपटाने दिली आहे.

खलनायकांची तुलना

नॉर्मन ऑसबॉर्न आणि ऑक्टेव्हियस हे दोघेही शास्त्रज्ञ, दोघेही पीटरविषयी पितृतुल्य आस्था बाळगणारे आणि दोघेही स्वतःच्याच प्रयोगाचे बळी. साचा तोच आहे, ही मर्यादा मान्य केली पाहिजे. फरक अंतर्गत आवाजाच्या स्वरूपात आहे. विलेम डॅफो यांचा नॉर्मन आरशातील आपल्याच प्रतिमेशी बोलतो. त्याचा खलभाव त्याच्या महत्त्वाकांक्षेचेच उघडे रूप आहे. आल्फ्रेड मोलिना यांचा ऑक्टेव्हियस पत्नी गमावलेला, स्वप्न भंगलेला माणूस आहे आणि पाठीला जडलेले चार यांत्रिक हात त्याच्या दुःखाचा ताबा घेतात. म्हणूनच शेवटी त्याला त्याच्याच शब्दांची आठवण करून देता येते. नॉर्मनचा अंत त्याच्याच शस्त्राने होतो. ऑक्टेव्हियस स्वतःच्या इच्छेने आपली निर्मिती नदीत बुडवतो. पहिल्यात खलनायकाचा पराभव आहे, दुसऱ्यात मन वळवणे आहे. ‘स्पायडर-मॅन : नो वे होम’ (२०२१) या चित्रपटात मोलिना यांची व्यक्तिरेखा पुन्हा आणली गेली, तेव्हाही तिच्यातील सुधारण्याची शक्यताच कथानकाला उपयोगी पडली.

मुखवटा

पहिल्या चित्रपटात मुखवटा हे रक्षणाचे साधन आहे. गाजलेल्या पावसातील चुंबनदृश्यातही तो अर्धाच उतरतो. उत्तरभागात मेरी जेन तेच दृश्य आपल्या नियोजित वरासोबत जणू पडताळणी म्हणून करून पाहते. पुढे आगगाडीतील प्रवासी, हॅरी, ऑक्टेव्हियस आणि मेरी जेन यांच्यासमोर नायकाचा चेहरा उघडा पडतो. त्यांपैकी आगगाडीचा प्रसंग सर्वांत अर्थगर्भ आहे. धावती गाडी थांबवून बेशुद्ध झालेल्या पीटरला प्रवासी हातांवर झेलून आत घेतात, हा तर कोवळा पोरगा आहे असे ओळखतात आणि गुपित राखण्याचे वचन देतात. पहिल्या चित्रपटात पुलावरील न्यूयॉर्कवासी गॉब्लिनवर वस्तू फेकतात. ११ सप्टेंबर २००१ च्या हल्ल्यानंतरच्या शहरभावनेचा तो उद्गार होता. आगगाडीत घोषणा नाही. ज्याने वाचवले त्याला आता आपण जपायचे, एवढाच साधा परस्परभाव आहे. तथापि याहून धैर्याचे अनावरण मुखवट्याविना घडते. बेनकाकांच्या मृत्यूतील आपला वाटा पीटर मेकाकूंपाशी कबूल करतो. त्या हात मागे घेतात आणि काही न बोलता जिना चढून जातात. क्षमा पुढे मिळते, पण लगेच मिळत नाही.

मर्यादा

उत्तरभाग निर्दोष नाही. मेरी जेनचे अपहरण आणि तिची सुटका हा साचा दोन्ही चित्रपटांत कायम आहे. अभिनेत्री म्हणून उभे राहू पाहणाऱ्या तिच्या व्यक्तिरेखेला तो अन्याय करतो. दुसरा आक्षेप अधिक मूलगामी आहे. आपली प्रिय स्वप्नेही सोडावी लागतात, असे मेकाकू सांगतात. त्यानंतर पीटर उडी घेऊन पाहतो आणि कोसळतो. त्याची शक्ती खऱ्या अर्थाने परत येते ती मेरी जेनला पळवून नेल्यावर. म्हणजे सार्वजनिक कर्तव्य खासगी संकटाच्या आधाराने पुन्हा उभे राहते. शिवाय अखेरीस विवाहमंडप सोडून मेरी जेन पीटरकडे येते आणि त्यागाची किंमत बरीच परत मिळते. मात्र अंतिम चित्र झेप घेणाऱ्या नायकाचे नसून खिडकीतून पाहणाऱ्या मेरी जेनच्या चिंतित चेहऱ्याचे आहे, हे येथे लक्षात घ्यावे लागते. पहिला चित्रपट नायकाच्या विजयी मुद्रेवर संपतो. दुसरा, किंमत मोजणारी आता दुसरी व्यक्तीही आहे, या जाणिवेवर.

निष्कर्ष

१) मूळ चित्रपट नायकाच्या जडणघडणीची बोधकथा सांगतो, उत्तरभाग त्या बोधाची व्यवहाराच्या कसोटीवर परीक्षा घेतो.

२) उत्तरभागाची श्रेष्ठता तांत्रिक प्रगतीत वा तिकीटविक्रीत नसून मूळ कृतीने गृहीत धरलेल्या गोष्टी प्रश्नांकित करण्यात आहे.

३) समान प्रसंगांची पुनर्योजना ही येथे पुनरावृत्ती न ठरता भाष्य ठरते. मूळ चित्रपटाचा पाया भक्कम असल्यामुळेच हे भाष्य शक्य झाले. म्हणून त्याचे श्रेयही कमी लेखता येत नाही.

४) स्त्री-व्यक्तिरेखेच्या हाताळणीत आणि सुखान्ताच्या योजनेत उत्तरभाग जुन्या साच्यातून पूर्णतः मुक्त होत नाही.

एकंदरीत, ‘आधीपेक्षा मोठे काय आहे?’ या प्रश्नाऐवजी ‘आधी न विचारलेले काय विचारले आहे?’ हा प्रश्न उत्तरभागाच्या समीक्षेने केंद्रस्थानी आणावयास हवा. त्या निकषावर ‘स्पायडर-मॅन २’ आपल्या मूळ चित्रपटाचा ऋणी राहूनही त्याच्या पुढे जातो.