कवितेचा कौल

इंग्रज कवी व चित्रकार विल्यम ब्लेक (१७५७–१८२७) याच्या काव्यचित्रांवरून एड ब्युरिन यांनी टॅरो पत्त्यांचा एक संच सिद्ध केला. तो १९९५ साली प्रसिद्ध झाला. परंपरागत टॅरोतील दंड, पेले, तलवारी व नाणी या चार रंगांच्या जागी त्यात काव्य, संगीत, विज्ञान व चित्रकला आहेत. ‘सर्जक कल्पनाशक्ती’ हे शब्द त्याच्या नावातच आहेत. भविष्यासाठी नव्हे, चिंतनासाठी, असे म्हणून कोणी असा संच पुढे केला, तर पाळकाने काय म्हणावे?

टॅरो हे मिसर देशाचे गूढ ज्ञान होय, ही समजूत निराधार आहे. हे पत्ते पंधराव्या शतकात उत्तर इटलीत खेळासाठी निर्माण झाले. मिसरी उगमाची कल्पना फ्रान्समध्ये कूर द जेबलँ याने १७८१ मध्ये मांडली. तेव्हा कागदाच्या तुकड्यात सैतान वसतो, असे सांगून प्रश्न सुटत नाही. अनुवाद १८:१०–१२ मधील निषेध शकुन पाहण्याच्या कृतीला आहे, आणि भविष्य विचारणाऱ्यास तो सरळ लागू पडतो. चिंतन करू पाहणाऱ्यास मात्र काव्यातूनच उत्तर द्यावे लागेल.

ब्लेकने ईयोबाच्या कथेवर एकवीस चित्रे कोरली. ती १८२६ मध्ये प्रसिद्ध झाली. पहिल्या चित्रात कुटुंब ग्रंथ उघडून बसले आहे व वाद्ये झाडावर टांगलेली आहेत. शेवटच्या चित्रात तीच वाद्ये हाती घेऊन सर्व उभे आहेत. मध्ये सैतान ईयोबाच्या देहावर गळवांचे विष ओततो, ते चित्र येते. ते एकटेच पिसलेल्या पत्त्यांतून हाती आले, तर पाहणारा भयभीत होईल. क्रमाने पाहणाऱ्यालाच ती वाद्ये झाडावरून हाती कशी आली, हे उमगेल. पत्ता आपल्या प्रश्नाला उत्तर देतो. काव्य आपला प्रश्नच बदलते. ईयोबालाही परमेश्वराने उत्तराऐवजी प्रश्न विचारले (ईयोब ३८).

हीच कसोटी आपण आपल्या घरालाही लावली पाहिजे. अभिवचनांच्या पेटीतून चिठ्ठी काढून वर्षाचे वचन ठरविण्याची चाल कित्येक ख्रिस्ती घरांत आहे. त्या पेटीत आशीर्वाद असतात, आमोसाचे ताडन सहसा नसते. शुभवर्तमानाच्या पानांतून कौल लावणाऱ्यांविषयी ऑगस्टीनने यानुआरियसला लिहिले (पत्र ५५), की भुतांकडे जाण्यापेक्षा हे बरे; तरी ऐहिक व्यवहारासाठी देववचन वापरणे आपणास रुचत नाही. त्यानेही ३८६ मध्ये मिलानच्या बागेत ग्रंथ उघडून रोमकरांस पत्र १३:१३–१४ वाचले, हे खरे. पण त्या ओळींनी त्याच्याकडून जीवनाचा पालट मागितला. मत्थियाची निवड चिठ्ठ्यांनी झाली (प्रेषितांची कृत्ये १:२६). पवित्र आत्म्याच्या आगमनानंतर मात्र त्या पुस्तकात पुन्हा चिठ्ठ्या टाकल्याचे आढळत नाही.

म्हणून केवळ निषेध करून थांबू नये. ज्याला काव्यातून चिंतन हवे, त्याच्यासोबत नारायण वामन टिळकांचा एक अभंग संपूर्ण वाचावा, ईयोबाचे पुस्तक आरंभापासून शेवटपर्यंत वाचावे. आणि वचनपेटी ठेवावयाचीच असेल, तर हाती आलेले वचन ज्या अध्यायातील असेल, तो संपूर्ण अध्याय वाचल्याखेरीज चिठ्ठी परत ठेवू नये.