रांगेत दिसणं आणि बोलणं

राजकीय उपहासाच्या चित्रपटात ‘कोण कोण दिसतं’ हे आपण लगेच मोजतो. मला विचारायचंय, बोलतं कोण?

अमित मसुरकरांचा ‘न्यूटन’ (२०१७) घ्या. दंडकारण्यातलं मतदान केंद्र, यादीत मतदार ७६. परदेशी पत्रकार येणार म्हटल्यावर जवान गावात जातात आणि आदिवासींना गोळा करून आणतात. ही थट्टा नेमकी आहे. हसता हसता आपणच ओशाळतो. अंजली पाटील यांची मलको तर विलक्षणच. स्थानिक शिक्षिका, गोंडी जाणणारी. निवडणूक अधिकारी न्यूटन तिला विचारतो, तूही निराशावादी आहेस का? मी आदिवासी आहे, एवढंच ती सांगते. अख्खा चित्रपट त्या उत्तरात आहे.

पण बाकीच्यांचं काय? सरकारी यादीनं या माणसांचा आकडा केला, यावर चित्रपट बोट ठेवतो आणि स्वतःही त्यांना बहुतेक वेळ रांगेतच ठेवतो. घरी जाताना त्यांच्यातल्या एकाचंही नाव आपल्या ओठांवर नसतं.

चित्रपट चांगला आहे, म्हणूनच ही तक्रार. ज्यांच्या वतीनं आपण हसतो, त्यांनाही कुणावर तरी हसता आलं पाहिजे ना?