मुका साक्षीदार

प्रवासवर्णन वाचताना सुज्ञ वाचकास एक शंका गिळूनच पुढे जावे लागते. लेखक जे पाहिले म्हणून सांगतो, ते त्याने खरोखर पाहिले कशावरून? न्यायमंदिरात एकट्या साक्षीदाराची निदान उलटतपासणी तरी होते. रानावनात एकट्या गेलेल्या गृहस्थाची ती कोणी करावी? त्याने बरोबर कुत्रा नेला असेल, तर दुसरा एक साक्षीदार होता एवढे खरे. परंतु तो पडला मुका. अमेरिकन वाङ्मयात अशा मुक्या सोबत्याच्या साक्षीने लिहिलेली दोन पुस्तके विशेष नावाजलेली आहेत. त्यांपैकी एकाच्या खरेखोटेपणाविषयी अलीकडे बराच वाद माजला, आणि त्या निमित्ताने दोन्ही पुस्तके पुन्हा वाचण्याजोगी झाली आहेत.

वादाचे पुस्तक म्हणजे जॉन स्टाइनबेकचे ‘ट्रॅव्हल्स विथ चार्ली’ (१९६२). ज्या देशाविषयी आपण आयुष्यभर लिहिले तो आपल्या ओळखीचाच राहिला नाही, या जाणिवेने अस्वस्थ होऊन हा ग्रंथकार १९६० च्या सप्टेंबरात, वयाच्या अठ्ठावन्नाव्या वर्षी, सॅग हार्बर येथील घरून निघाला. एका लहान मालमोटारीवर त्याने बिछाना व चूल असलेली खोली चढवून घेतली आणि तिला डॉन किहोटेच्या घोड्याचे नाव दिले. विंचवाचे बिऱ्हाड पाठीवर म्हणतात, त्याचीच ही मोटारयुगातील आवृत्ती होय. जेथे रात्र पडेल तेथे नदीकाठी, झाडाखाली मुक्काम करावयाचा, अनोळखी माणसास कॉफी पाजून बोलते करावयाचे, आणि सोबतीस चार्ली. हा थोराड, वयस्क पूडल जन्माने फ्रेंच. फ्रेंचमधून दिलेली आज्ञा तो तत्काळ पाळतो; इंग्रजी मात्र त्यास मनातल्या मनात भाषांतर करून घ्यावी लागते, असा धन्याचा विनोद आहे. असा हा सुमारे दहा हजार मैलांचा फेरा.

इ. स. २०१० मध्ये बिल स्टायगरवाल्ड या पत्रकाराने हाच मार्ग पुन्हा आक्रमिला, पत्रे व हस्तलिखित ताडून पाहिले, आणि पुस्तकातील पुष्कळ मजकुराचा पाया ठिसूळ असल्याचे दाखविले. नॉर्थ डाकोटात ॲलिस गावाजवळ उघड्यावर मुक्काम असता एक फिरता नट भेटल्याचे हृद्य वर्णन पुस्तकात आहे. त्या रात्री लेखक शेकडो मैल दूर, बीच नावाच्या गावी मोटेलात उतरला होता, असे त्याने पत्नीस धाडलेल्या पत्रावरूनच निघते. पश्चिम किनाऱ्यावर तर पत्नी बरोबर होती. छापील पुस्तकातून ती गळाली. पत्नीस बाहेर ठेवून कुत्र्यास आत घेणाऱ्या या ग्रंथकाराविषयी गृहिणी-वाचकांचे काय मत होईल, ते सांगण्याचे धाडस मी करीत नाही. २०१२ च्या सुवर्णमहोत्सवी आवृत्तीच्या प्रस्तावनेत जे परिनी यांनीही हा ग्रंथ अक्षरशः खरा मानू नये, असा इशारा दिला आहे.

कादंबरीकाराने कल्पना केली तर बिघडले काय, असा बचाव केला जातो. तो मला मान्य नाही. ‘मी पाहिले’ या दोन शब्दांवर वाचक जे भांडवल गुंतवितो, ते कादंबरीच्या खाती परस्पर वळविता येत नाही. शिवाय येथे दोष वाङ्मयीनही आहे. पुस्तकातील अनोळखी माणसे बहुधा लेखकास जे ऐकावयाचे आहे तेच, तेवढेच आणि नेटक्या वाक्यांत बोलतात. प्रत्यक्षातली माणसे इतकी सोयीची नसतात. स्टायगरवाल्डने पत्रे धुंडाळण्यापूर्वीच चोखंदळ कानास हे खटकावयास हवे होते.

या कसोटीस पुस्तकातील एकच पात्र उतरते, आणि ते चार्ली. यलोस्टोन उद्यानाच्या वेशीवर रक्षक अस्वलांची भीती घालतो, तेव्हा माझा कुत्रा परम शांतताप्रिय आहे, अशी ग्वाही स्टाइनबेक देतो. थोड्याच वेळात पहिले अस्वल दिसते मात्र, हा सुसंस्कृत म्हातारा मोटारीत असा काही पिसाळतो की, काच फोडून बाहेर पडतो की काय असे व्हावे. उद्यान पाहण्याचा बेत सोडून धन्यास मोटार माघारी वळवावी लागते. पुढे किनाऱ्यावरील रेडवुड वृक्ष येतात. या प्रचंड वृक्षराजास चार्लीने आपल्या जातीच्या रीतीने एक पाय वर करून मुजरा करावा, म्हणून लेखक उत्सुक. चार्लीस त्या खोडात झाड म्हणून काही दिसतच नाही. अखेर लेखक एक पालेदार डहाळी तोडून खोडाशी उभी करतो, तेव्हा कोठे विधी पार पडतो. हेही प्रसंग रचलेले असतील, कोणी सांगावे! परंतु येथे पात्र लेखकाच्या मनाविरुद्ध वागते, आणि त्यामुळे त्याच्या अस्तित्वावर आपला विश्वास बसतो. चार्लीस मूत्राशयाचा विकार जडतो, ती पाने तर या ग्रंथाचा गाभा आहेत. एका डॉक्टराच्या बेफिकीर हाताखाली तो आक्रसतो; टेक्ससमधील आमारिलो येथे दुसऱ्याच्या जाणत्या हाताखाली सैल पडतो. तेथे लेखकाचे तत्त्वज्ञान एकाएकी थांबते. याउलट, जेथे तो चार्लीच्या तोंडी संवाद घालतो, ती पाने मिळमिळीत आहेत. कुत्रा बोलू लागला की तोही नॉर्थ डाकोटातील नटासारखाच होतो.

दक्षिणेत गेल्यावर तर मुक्या चार्लीमुळे एक वेगळेच सत्य उघडे पडते. मोटारीच्या खिडकीत त्याचे गर्द डोके पाहून गोरे लोक, आपल्याला आत नीग्रोच बसला आहे असे वाटले, हा एकच हीन विनोद गावोगाव करतात. न्यू ऑर्लिन्स येथे सहा वर्षांच्या रूबी ब्रिजेसला शाळेत जाताना शिव्या देणाऱ्या बायांचे प्रकरण त्यानंतर येते.

दुसरे पुस्तक जॉन म्यूरचे ‘स्टिकीन’ (१९०९). प्रसंग १८८० चा. मासिकात तो छापून आला १८९७ साली. अलास्कातील हिमनदीवर वादळात भटकावयास निघालेल्या म्यूरच्या मागे, सोबतच्या मिशनऱ्याचा आखूड पायांचा काळा कुत्रा, परत जा म्हटले तरी लागतो. (गड चढणाऱ्यामागे पायथ्याच्या गावचे कुत्रे असेच न बोलाविता येते, हे सह्याद्रीत हिंडणाऱ्यांस ठाऊक आहे.) सांजावताना वाट अडविणारी सुमारे पन्नास फूट रुंदीची बर्फाची दरी, तीवर तिरपा, मध्ये खोल झुकलेला, सत्तर फुटांचा सुरीच्या धारेसारखा पूल. म्यूर कुऱ्हाडीने खोबणी पाडीत पलीकडे जातो. तोवर कशासही न डरलेला स्टिकीन काठावर आक्रोश करू लागतो. शेवटी एकेक पाय जपून टाकीत पार होतो आणि आनंदाने अक्षरशः वेडा होऊन धावत सुटतो. म्यूर त्यास एक शब्दही बोलावयास लावीत नाही. पुढे मात्र सर्व प्राणी आपले सहोदर, हे प्रवचन तो जोडतो. कथेने ते अगोदरच सांगितलेले असते.

आपल्या वाचकांस येथे महाप्रस्थानिक पर्व आठवेल. कुत्र्यावाचून स्वर्ग नको म्हणणारा युधिष्ठिर थोर खरा. परंतु तो कुत्रा अखेर यमधर्म निघतो, म्हणजे कुत्रा म्हणून उरतच नाही. मला त्याहून आदिपर्वातील सरमा अधिक जवळची वाटते. निरपराध पोरास मारल्याचा जाब ती जनमेजयास कुत्रीच राहून विचारते.

आजच्या नियमाने चार्लीस यलोस्टोनमध्ये रस्त्यापासून शंभर फुटांपलीकडे नेता येत नाही, आणि दोरी सहा फुटांहून लांब चालत नाही. ज्या हिमनदीवर स्टिकीन धावला, ती ग्लेशियर बे उद्यानात मोडते; तेथील रानात कुत्र्यांस मज्जाव आहे. वन्य प्राण्यांच्या दृष्टीने हे रास्तच, आणि चार्लीच्या वर्तनावरून तर विशेषच रास्त. ज्यांस सवड थोडी, त्यांनी ‘स्टिकीन’ एका बैठकीत वाचावे, आणि ‘चार्ली’तील यलोस्टोन, आमारिलो व न्यू ऑर्लिन्स एवढी प्रकरणे, नॉर्थ डाकोटातील नट भेटला नाही तरी चालेल.