सरकारच्या चाळणीतून पेण-रोहा

जुन्या मराठी वर्तमानपत्रांवरचं संशोधन वाचताना एक प्रश्न जरूर विचारा: लेखकाने मूळ अंक पाहिलाय की त्याचा इंग्रजी सारांश? मुंबई सरकारचं भाषांतर खातं देशी पत्रांतल्या निवडक मजकुराचे साप्ताहिक गोपनीय अहवाल काढायचं. पेणच्या ‘सुधाकर’सारखी छोटी साप्ताहिकं आपल्याला बऱ्याचदा त्यातूनच भेटतात.

गोची इथेच आहे. अहवालात यायचं ते सरकारला दखल घ्यावीशी वाटलेलं. सरकारवरची टीका टिकते; पण रोह्याच्या बाजारातले भाताचे भाव, जाहिराती, गावातले वाद चाळणीतून गळतात. मग वाटतं, लोक फक्त सरकारशीच बोलत होते.

तसं नव्हतं. याच कुलाबा जिल्ह्यात, अलिबागजवळच्या चरीत, १९३३ साली कुळांनी खोतांविरुद्ध संप पुकारला. संपाचे नेते नारायण नागू पाटील यांनी १९३७ मध्ये ‘कृषीवल’ काढलं. हे भांडण आधी घरातलं होतं, मग सरकारशी. म्हणून सारांश वापरा, पण तो लोकांचा आवाज समजू नका. तो सरकारच्या कानाचा इतिहास आहे.